नोटरीचा शिक्का मारला म्हणून ईमेल पुरावा होत नाही

रावेरकडचे एक केळी व्यापारी परवा जळगावच्या कोर्टाबाहेर भेटले. हातात पाठवलेल्या ईमेलच्या प्रिंटा, प्रत्येकीवर नोटरीचा गोल शिक्का. “आता काय अडचण, भाऊ?” अडचण होतीच. शिक्क्याने पुरावा पक्का होतो, हा समज आपल्याकडे जुनाच.

प्रिंट ही मूळ ईमेलची प्रत. ती ग्राह्य धरायची तर ती कोणत्या उपकरणातून, कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. ते सक्तीचं आहे हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये खोतकर प्रकरणात ठणकावलं. तो वाद आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणुकीचा. नव्या नमुन्यात दोन भाग: एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हीत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा अंगठाच. एक स्वल्पविराम बदलला तरी तो बदलतो.

आणि प्रमाणपत्राने दार उघडतं, एवढंच. मेल कोणी पाठवला हे कोर्ट आपोआप गृहीत धरत नाही. सेंट फोल्डरवरून समोरच्याला तो मिळाला हेही ठरत नाही; त्याने दिलेलं उत्तर, भले नुसतं “ओके” असो, जास्त वजनदार.

वकिलाला मेल फॉरवर्ड करू नका, मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून, कधी, कोणत्या वाटेने आला याची नोंद, त्यात जात नाही. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून फाइल उतरवून घ्या. मूळ मेल मात्र खात्यातच राहू द्या.