डेटाबेसमधील वाचन-लेखन विभाजन

एकाच डेटाबेसच्या अनेक प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर चालू असताना बदल करणाऱ्या विनंत्या मुख्य प्रतीकडे आणि नुसती माहिती मागणाऱ्या विनंत्या उरलेल्या प्रतींकडे वळवण्याची पद्धत. मुख्य प्रतीच्या सर्व्हरला प्रायमरी म्हणतात आणि त्याच्याकडून बदल घेत मागोमाग चालणाऱ्यांना रेप्लिका. वळवण्याचे काम बहुधा अ‍ॅप्लिकेशन व डेटाबेस यांच्यामध्ये ठेवलेला लोड बॅलन्सर (विनंत्या वाटून देणारा) किंवा प्रॉक्सी (मध्यस्थ) करतो. वेब सर्व्हरांपुढच्या लोड बॅलन्सरला विनंती कुणाकडेही पाठवून चालते, कारण मागचे सगळे सर्व्हर एकसारखे असतात. डेटाबेसचे तसे नाही. लिहिण्याचा अधिकार एकालाच असतो आणि एखाद्या क्षणी प्रत्येक प्रतीत तीच माहिती असेल याची हमी नसते. त्यामुळे विनंती कुठे पाठवायची हे ठरवताना किती शिळी माहिती चालेल हेही नकळत ठरून जाते.

उपयोग आणि मर्यादा

बऱ्याच वेब अ‍ॅप्लिकेशनांमध्ये लिहिण्यापेक्षा वाचण्याचे प्रमाण कितीतरी जास्त असते. रेप्लिका वाढवल्या की वाचनाचा भार वाटला जातो, आणि अहवालासारख्या जड क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) प्रायमरीपासून दूर ठेवता येतात. लेखनाची क्षमता मात्र याने वाढत नाही. प्रायमरीवर झालेला प्रत्येक बदल प्रत्येक रेप्लिकेलाही लागू करावाच लागतो, म्हणून लेखनाने दमलेल्या डेटाबेसला दहा रेप्लिका जोडूनही काही हाती लागत नाही. वाचन संथ होण्याचे कारण एखादा नसलेला इंडेक्स (जलद शोधासाठीची सूची) असेल, तर तो आधी घालावा. रेप्लिका जोडून तीच संथ क्वेरी चार सर्व्हरवर चालवणे हा महागडा उपाय आहे, आणि तो आश्चर्य वाटावे इतक्या वेळा केला जातो.

रेप्लिका मागे का पडते

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत प्रायमरी आपले बदल बायनरी लॉग या नोंदवहीत नोंदवते आणि रेप्लिका तो लॉग ओढून घेऊन लागू करते. पोस्टग्रेस या दुसऱ्या प्रणालीत हेच काम राइट-अहेड लॉग नावाच्या नोंदवहीवर चालते. लॉग सतत पाठवत राहणे आणि मागच्या सर्व्हरवर वाचन करू देणे या दोन्ही सोयी २०१० च्या ९.० आवृत्तीत आल्या. दोन्हीकडे मूळ मांडणी असिंक्रोनस आहे, म्हणजे रेप्लिकेपर्यंत बदल पोहोचण्याची वाट न पाहता कमिट (बदल कायम करणे) पूर्ण होते. त्यामुळे रेप्लिका प्रायमरीच्या जितकी मागे राहते त्या अंतराला लॅग म्हणतात. एरवी तो काही मिलिसेकंदांचा असतो. लाखो ओळी बदलणारे एखादे अपडेट किंवा मोठ्या टेबलाच्या रचनेतला बदल मध्ये आला, की तोच काही मिनिटांवर जातो.

पोस्टग्रेसमध्ये रेप्लिकेवरचे वाचनच कधी लॅग वाढवते. चालू असलेल्या क्वेरीला ज्या जुन्या ओळी हव्या असतात, त्या प्रायमरीने साफ केल्याची नोंद लॉगमधून येते. आता क्वेरी थांबवायची की लॉग? मूळ सेटिंगप्रमाणे रेप्लिका अशा वेळी लॉग लागू करणे जास्तीत जास्त ३० सेकंद अडवून धरते आणि मग क्वेरी रद्द करते. रात्रीचा अहवाल अधूनमधून विनाकारण तुटतो अशी तक्रार आली की आधी इथेच पाहावे. रेप्लिकेला कोणत्या ओळी हव्या आहेत हे प्रायमरीला कळवण्याची सोय आहे, पण मग जुन्या ओळींचा कचरा प्रायमरीवर साचत राहतो.

मायएसक्यूएल ५.५ पासून मिळणाऱ्या सेमी-सिंक्रोनस पद्धतीने शिळ्या वाचनाचा प्रश्न सुटतो असा समज आढळतो. त्यात रेप्लिका बदल मिळाल्याची पोच देते. तो लागू झाला असेलच असे नाही. माहिती गमावण्याचा धोका घटतो, शिळे वाचन तसेच राहते. पोस्टग्रेस ९.६ मध्ये आलेले रिमोट अप्लाय हे सेटिंग बदल लागू होईपर्यंत थांबते, पण त्याची किंमत प्रत्येक कमिटच्या वेळात मोजावी लागते.

दोन पोर्ट

सर्वांत साध्या मांडणीत लोड बॅलन्सर एसक्यूएल (क्वेरी लिहिण्याची भाषा) वाचतच नाही. तो एक पोर्ट (क्रमांक असलेला जोडणीचा दरवाजा) लेखनासाठी व दुसरा वाचनासाठी उघडतो आणि कोणत्या पोर्टला जोडायचे हे अ‍ॅप्लिकेशन ठरवते. एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर आणि प्रायमरी कोण हे सांभाळणारी पात्रोनी ही पोस्टग्रेससाठी रूढ झालेली जोडी आहे. पात्रोनी प्रत्येक सर्व्हरवर ८००८ या पोर्टवर एक छोटी एचटीटीपी सेवा चालवते. तिला ‘प्रायमरी आहेस का’ असे विचारले की नेतृत्वाचे कुलूप (एका वेळी एकाकडेच असणारी प्रायमरीपदाची खूण) हाती असलेला सर्व्हर २०० हा होकाराचा कोड देतो, बाकीचे ५०३ हा नकाराचा. पात्रोनीच्या नमुना सेटिंगप्रमाणे एचएप्रॉक्सी दर तीन सेकंदांनी ही चौकशी करते, सलग तीन वेळा नकार आला की तो सर्व्हर यादीतून काढते आणि त्याच्याकडची चालू कनेक्शनेही तोडते. हे तोडणे महत्त्वाचे आहे. नाहीतर पदावरून उतरलेल्या प्रायमरीशी जुनी कनेक्शने जोडलेलीच राहतात आणि प्रत्येक इन्सर्टला (नवी ओळ घालण्याच्या आज्ञेला) ‘हे ट्रान्झॅक्शन केवळ वाचनासाठी आहे’ अशा अर्थाची त्रुटी येत राहते. वाचनाच्या पोर्टसाठी हीच चौकशी लॅगची मर्यादा घालून करता येते. त्याहून मागे पडलेली रेप्लिका आपोआप बाजूला होते.

मधला प्रॉक्सी टाळायचा असेल तर पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून अनेक पत्ते घेऊन त्यांतला लिहिता येणारा सर्व्हर स्वतः शोधते. ‘जमल्यास रेप्लिका द्या’ असे सांगण्याची सोय १४ व्या आवृत्तीत आली. अ‍ॅमेझॉन अरोरामध्ये लेखन व वाचनासाठी डीएनएसची दोन वेगळी नावे मिळतात.

एसक्यूएल वाचणारा प्रॉक्सी

प्रॉक्सीएसक्यूएल, मारियाडीबीचा मॅक्सस्केल आणि पोस्टग्रेससाठीचा पीजीपूल-टू हे प्रॉक्सी प्रत्येक क्वेरी उघडून पाहतात. मायएसक्यूएल राउटरमध्ये ही सोय २०२३ च्या ८.२ आवृत्तीत आली. त्याआधी त्याचे काम ६४४६ व ६४४७ या दोन वेगळ्या पोर्टांवर चाले. यांचे आकर्षण उघड आहे: अ‍ॅप्लिकेशनची एक ओळही बदलावी लागत नाही.

नियम लिहायला बसले की गुंतागुंत कळते. ‘सिलेक्टने (वाचनाच्या आज्ञेने) सुरू होणारे सारे रेप्लिकेकडे’ हा नियम पहिल्याच दिवशी अडखळतो, कारण ‘सिलेक्ट ... फॉर अपडेट’ ही ओळींना कुलूप लावणारी क्वेरीही सिलेक्टनेच सुरू होते. तिचा नियम सर्वसाधारण नियमाच्या आधी लावावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये सिक्वेन्सचा (क्रमांक देणाऱ्या मोजणीचा) पुढचा आकडा सिलेक्टनेच मागतात, आणि सिलेक्टमधून बोलावलेले एखादे फंक्शन आतून टेबलात लिहीत असेल तर ते बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून पीजीपूलला अशा फंक्शनांची यादी देण्याची सोय आहे. तात्पुरती टेबले, सेशन व्हेरिएबल, नुकत्याच घातलेल्या ओळीचा आयडी विचारणे, हे सगळे एका विशिष्ट कनेक्शनशी बांधलेले असते. ते दुसऱ्या सर्व्हरवर गेले की उत्तर चुकते, आणि त्रुटी मात्र दिसत नाही. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पार पडणाऱ्या क्वेरींचा गट, सुरू झाले की ते संपेपर्यंत सगळे प्रायमरीकडे पाठवणे सुरक्षित असते. पण काही फ्रेमवर्क प्रत्येक विनंतीभोवती आपणहून ट्रान्झॅक्शन गुंडाळतात. तिथे रेप्लिका रिकाम्या बसतात आणि प्रॉक्सी बिघडला आहे असे वाटत राहते. मुळात विधानाच्या मजकुरावरून हेतू ताडायचा हाच या पद्धतीचा कच्चा दुवा आहे, म्हणून नव्याने बांधणी होत असेल तर दोन पोर्टांची कंटाळवाणी मांडणीच बरी.

आपलेच लेखन न दिसणे

वापरकर्ता पत्ता बदलून ‘जतन करा’ दाबतो. अपडेट प्रायमरीवर कमिट होते, ब्राउझर लगेच प्रोफाइलच्या पानाकडे वळतो, आणि त्या पानाची सिलेक्ट क्वेरी ३०० मिलिसेकंद मागे असलेल्या रेप्लिकेवर जाते. पडद्यावर जुनाच पत्ता दिसतो. वापरकर्ता पुन्हा बदल करतो. त्रुटींच्या नोंदीत कुठेही काही नसते, त्यामुळे तक्रार आली तरी विकासकाच्या मशीनवर ती पुन्हा घडवता येत नाही. तिथे रेप्लिकाच नसते. दोन रेप्लिकांचा लॅग वेगळा असेल तर पान पुन्हा उघडल्यावर नवी माहिती दिसून तिसऱ्यांदा जुनी परतण्याचाही प्रकार होतो. झेरॉक्स पार्कमधील डग्लस टेरी व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या सेशन हमींमध्ये या दोन्ही अडचणींची दखल आहे: आपण लिहिलेले आपल्याला वाचता यावे, आणि वाचताना काळ मागे जाऊ नये.

यावरचा ढोबळ उपाय म्हणजे लेखनानंतर थोडा वेळ त्या वापरकर्त्याचे वाचनही प्रायमरीकडे ठेवणे. रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या ६ व्या आवृत्तीतली स्वयंचलित निवड हेच करते, आणि तिथे मूळ अवधी दोन सेकंदांचा आहे. लॅग दोन सेकंदांपलीकडे गेला की हमी संपते. नेमका उपाय हवा असेल तर लेखनानंतर लॉगमधले स्थान किंवा ट्रान्झॅक्शनचा आयडी जपून ठेवायचा आणि तिथपर्यंत पोहोचलेल्या रेप्लिकेकडूनच वाचायचे. मॅक्सस्केल आणि प्रॉक्सीएसक्यूएल २.० या दोघांत तशी सोय आहे. पैशांची शिल्लक वा साठा तपासून त्यावर पुढचे लेखन बेतायचे असेल, तर ते वाचन सरळ प्रायमरीवर करावे.

लॅग मोजण्यातही फसगत होते. रेप्लिका किती सेकंद मागे आहे हे सांगणारा मायएसक्यूएलचा आकडा लागू होत असलेल्या नोंदीच्या वेळेवरून काढलेला असतो. नेटवर्क संथ असून लॉगच उशिरा येत असेल तर तो खुशाल शून्य दाखवतो. म्हणून प्रायमरीवर एका छोट्या टेबलात दर सेकंदाला वेळ लिहायची आणि रेप्लिकेवर ती वाचून फरक काढायचा, ही जुनी युक्ती अजूनही जास्त भरवशाची आहे.

कनेक्शन आणि फेलओव्हर

पोर्टवर चालणारा लोड बॅलन्सर क्वेरी वाटत नाही, कनेक्शने वाटतो. अ‍ॅप्लिकेशन आपली कनेक्शने पूलमध्ये (पुन्हा वापरण्यासाठी राखलेल्या साठ्यात) तासन्‌तास उघडी ठेवत असेल, तर नवी जोडलेली रेप्लिका ओस पडते आणि जुन्या तशाच तापलेल्या राहतात. पूलमधल्या कनेक्शनला कमाल आयुष्य ठरवून दिले की वाटणी हळूहळू सारखी होते. सगळ्या रेप्लिका एकदम मागे पडल्या तर काय करायचे हेही आधी ठरवावे लागते. सारे वाचन प्रायमरीवर लोटले तर ती कोसळू शकते. अशा वेळी कमी महत्त्वाच्या पानांना शिळी माहिती देणे परवडते.

प्रायमरीची जागा दुसऱ्या सर्व्हरला देताना, म्हणजे फेलओव्हरमध्ये, दोन सर्व्हर एकाच वेळी लेखन घेऊ लागणे हा सर्वांत वाईट प्रकार. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेचे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नेटवर्क केंद्र आणि तिथले मुख्य डेटा सेंटर यांच्यातला संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने मायएसक्यूएलच्या प्रायमरी पश्चिम किनाऱ्यावर हलवल्या. पूर्वेकडचे काही लेखन तिकडे पोहोचले नव्हते आणि तिकडे नवे लेखन सुरू झाले होते. सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली.

गॅलेरासारख्या क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांच्या गटात) कोणत्याही नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, लिहिता येते, त्यामुळे विभाजनाची गरज संपते असे वाटते. पण दोन नोडवर एकाच ओळीत बदल झाला तर उशिरा ठरलेला कमिटच्या वेळी डेडलॉकची (एकमेकांत अडकल्याची) त्रुटी घेऊन परततो, आणि अ‍ॅप्लिकेशनची तशी तयारी सहसा नसते. म्हणून तिथेही बरेच जण लोड बॅलन्सरवर लेखनासाठी एकच नोड नेमतात आणि दुसरा राखीव ठेवतात.