बूट मेनूतील नोंदी (ड्युअल बूट)

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली बसवल्या असतील, तर सुरुवातीला त्यांतली एक निवडण्यासाठी पडद्यावर जी यादी येते तिला बूट मेनू म्हणतात. यादीतील प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद. तिच्यात दिसायचे नाव, कोणत्या पार्टिशनवरून (डिस्कच्या भागावरून) कोणती फाइल उचलायची याचा पत्ता आणि कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) द्यायचे पर्याय असतात. नोंद पुसल्याने प्रणाली पुसली जात नाही आणि डिस्कवर जागाही मोकळी होत नाही. उलट, पार्टिशन उडवले तरी नोंद मागे राहू शकते.

बहुतेक गोंधळ एकाच कारणाने होतो: अशा याद्या तीन ठिकाणी असू शकतात आणि एकीतला बदल दुसरीत उमटत नाही. एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांसारखी कळ दाबल्यावरच येते ती फर्मवेअरची, म्हणजे मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरची यादी. चौकटीतल्या साध्या अक्षरांच्या, वरच्या बाजूला आवृत्ती क्रमांक असलेल्या यादीचा मालक ग्रब, म्हणजे लिनक्सबरोबर येणारा, प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम. निळ्या पडद्यावर माउसने निवडता येणारी यादी विंडोजची. आपण कोणती यादी पाहत आहोत हे ठरवल्याशिवाय काहीही बदलू नये.

फर्मवेअर

यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेले फर्मवेअर) असलेल्या संगणकात या नोंदी मदरबोर्डवरील एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) असतात. त्या ईएफआय सिस्टिम पार्टिशनमधल्या फाइलींकडे बोट दाखवतात. हे पार्टिशन सहसा फॅट३२ स्वरूपाचे असते. लिनक्समधील ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही आज्ञा नोंदी आणि त्यांचा क्रम दाखवते, बदलतेही. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ग्रब अचानक दिसेनासा होतो, तेव्हा बहुधा त्याची फाइल जागेवरच असते, फक्त क्रमात विंडोज वर आलेले असते. अशा वेळी लिनक्स पुन्हा बसवण्याची गरज नाही. क्रम बदलला की झाले.

ग्रब

ग्रब २ चा मेनू ‘ग्रब.सीएफजी’ या फाइलमधून येतो. ही फाइल हाताने बदलू नये: ती आपोआप तयार होते आणि पुढच्या कर्नल अपडेटला आपला बदल पुसला जातो. बदल करायचा तो ‘ईटीसी’मधील ‘डिफॉल्ट’ फोल्डरच्या ‘ग्रब’ फाइलमध्ये. त्यानंतर उबुंटू किंवा डेबियनवर ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा प्रशासक हक्कांनी चालवावी लागते. ती राहून गेली तर फाइलमध्ये नवी मूल्ये आणि पडद्यावर जुनाच मेनू, अशी अवस्था होते. स्वतःची नोंद जोडायची असेल तर ‘ग्रब.डी’ फोल्डरमधील ‘४०_कस्टम’ ही फाइल वापरावी.

आपोआप सुरू होणारी प्रणाली ‘ग्रब_डिफॉल्ट’ने ठरते. मोजणी ० पासून असल्याने तिसऱ्या ओळीसाठी २ लिहायचे. उपमेनूतील नोंदीसाठी ‘१>२’ असे लिहितात, म्हणजे वरून दुसऱ्या ओळीच्या उपमेनूतील तिसरी. पण क्रमांक भरवशाचा नाही. उपमेनू बंद केला असेल तर नवा कर्नल आला की विंडोजची ओळ खाली सरकते. नाव लिहावे तर विंडोजच्या नावात डिस्कचे नावही असते आणि दुसरी डिस्क जोडल्यावर तेही बदलू शकते. सर्वांत टिकाऊ म्हणजे नोंदीचा आयडी. ‘ग्रब.सीएफजी’ नुसती वाचण्यासाठी उघडली की ‘ओएसप्रोबर-ईएफआय’ने सुरू होणारा, पुढे पार्टिशनचा यूयूआयडी (त्याचा एकमेव ओळखक्रमांक) असलेला आयडी सापडतो. तो जसाच्या तसा उचलावा.

मागच्या वेळी निवडलेलीच प्रणाली पुन्हा हवी असेल तर ‘ग्रब_डिफॉल्ट’ला ‘सेव्ह्ड’ आणि ‘ग्रब_सेव्हडिफॉल्ट’ला ‘ट्रू’ द्यावे. ही निवड १०२४ बाइटच्या ‘ग्रबईएनव्ही’ फाइलमध्ये लिहिली जाते. ‘बूट’ फोल्डर एलव्हीएमवर (लिनक्समधील डिस्कच्या जागेच्या लवचीक वाटणीवर) असेल तर ग्रबला तिथे लिहिता येत नाही आणि सोय निकामी ठरते.

मेनूत विंडोज दिसतच नसेल तर कारण बहुधा २०२१ च्या २.०६ आवृत्तीत आहे. तेव्हापासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद असतो. तो चालू करण्यासाठी ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ला ‘फॉल्स’ द्यायचे. बंद करणे बंद, असा हा उफराटा कारभार आहे. तरीही काम झाले नाही तर एक प्रणाली जुन्या बायोस पद्धतीने आणि दुसरी यूईएफआयने बसवली आहे का ते तपासावे. बायोस पद्धतीने सुरू झालेला ग्रब यूईएफआय विंडोजला हाक मारू शकत नाही.

एकदाच बदल करून पाहायचा असेल तर मेनूतील नोंदीवर जाऊन इंग्रजी ‘ई’ दाबावे. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, उदाहरणार्थ ग्राफिक्सच्या अडचणीत, ‘नोमोडसेट’ जोडून कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबावे. हा बदल फक्त त्याच वेळेपुरता असतो.

विंडोज

एक्सपीपर्यंत सारे ‘बूट.आयएनआय’ या साध्या मजकूर फाइलमध्ये होते. व्हिस्टापासून बूटच्या नोंदींचा बीसीडी हा डेटाबेस आला. तो ‘बीसीडीएडिट’ने प्रशासक म्हणून बदलतात. आधी ‘/एक्सपोर्ट’ने प्रत काढावी, मगच ‘/सेट’ किंवा ‘/डिलीट’ला हात लावावा. पॉवरशेलमध्ये महिरपी कंसातला आयडी अवतरणचिन्हांत टाकला नाही तर आज्ञा चुकते. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कटकट नाही. बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर बूटक्रमाला हात लावण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की दुसऱ्या उपकरणावर किंवा कागदावर उतरवून घ्यावी, कारण बदलानंतर विंडोज ४८ अंकांची ती की मागू शकते.