गेल्या वर्षीचा गहू हलला का?

एप्रिल उजाडला की इंदूरच्या छावणी मंडीत परखी, म्हणजे नमुना काढायची पोकळ सळई, पोत्यात घुसते, मूठभर गहू बाहेर येतो आणि व्यापारी त्यातला एक दाणा दाताखाली धरतो. कट्ट वाजला तर माल वाळलेला. सरकारी खरेदीत हेच काम यंत्र करतं; ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. तिथून पुढे सगळी घाई, कारण जूनच्या मध्यावर पाऊस येतो.

पूर्वी गहू साठवायला छप्पर लागत नसे. मराठीत ज्याचं ‘फुटणं’ आपण रोज ऐकतो, ते पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. आत पेंढ्याचं अस्तर, तोंड मातीनं लिंपलेलं. आतला प्राणवायू संपत जातो आणि किडी मरतात. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे, माणूसही गुदमरायचा. पण ही सोय गावचं धान्य गावातच खायची असेल तेव्हाची.

बाहेर पाठवायचं तर रेल्वे हवी. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि 1870च्या दशकात खंडव्याहून इंदूरला गाडी आली. आम्ही इंदूरकर हे छाती फुगवून सांगतो. रूळ मीटर गेजचे, म्हणजे अरुंद होते, हे जरा हळू आवाजात. मुंबईची लाइन ब्रॉड गेज, रुंद रुळांची. मग खंडव्याला पोतं न् पोतं या डब्यातून त्या डब्यात.

शेतमाल साठवणारं केंद्रीय वखार महामंडळ 1957चं, केंद्रासाठी धान्य घेऊन देशभर पाठवणारं भारतीय अन्न महामंडळ 1965चं. त्या काळी जमिनीतल्या ओलीवर गहू घेणारा आमचा माळवा पुढे ट्यूबवेलवर आला, हमीभावावर राज्याचा बोनसही मिळू लागला. 2020मध्ये मध्य प्रदेशानं सुमारे 129 लाख टन गहू खरेदी केला, पंजाबपेक्षाही जास्त. तोही लॉकडाउनमध्ये! बंगालमधल्या ताग गिरण्या बंद, बारदानाचा, म्हणजे तागाच्या पोत्यांचा, तुटवडा. शेवटी प्लास्टिकच्या पोत्यांना मुभा द्यावी लागली.

जागेसाठी खासगी गोदामं भाड्यानं घेतली गेली, राज्यात नऊ ठिकाणी 50,000 टनांचे पोलादी सायलो, म्हणजे धान्याच्या उंच टाक्या, उभे राहिले. 2023मध्ये केंद्रानं सहकारी क्षेत्रात 700 लाख टनांची साठवण उभारायची योजना मंजूर केली. माझ्या मते अडचण भिंतींइतकीच चाकांची आहे. राज्य गहू घेतं, रेशनपुरता ठेवतं, उरलेला अन्न महामंडळाला देतं. महामंडळानं तो उचलला तरच गोदाम मोकळं होतं. मालगाडीच्या एका रेकमध्ये, म्हणजे डब्यांच्या अख्ख्या रांगेत, साधारण 2,600 टन मावतात, म्हणजे 50 किलोची 52,000 पोती. एक सायलो रिकामा करायला असे एकोणीस-वीस रेक लागतात. त्याच बंद डब्यांवर खत आणि सिमेंटवाल्यांचाही डोळा. तेवढ्यात ऑक्टोबर उजाडतो आणि जिथे अजून गव्हाची थप्पी हललेली नसते, त्याच गोदामाच्या दारात सोयाबीनचे ट्रक येऊन उभे राहतात.