बंद हेडफोन घुमतोच?
‘बंद कपांचा हेडफोन कितीही महाग घ्या, डग्गा घुमणारच’ हे म्हापशापासून फोंड्यापर्यंत वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. ड्रायव्हरच्या (हेडफोनमधल्या छोट्या स्पीकरच्या) मागून निघालेला आवाज कपात आदळून परततो, तेव्हा घुमणं येतं. पण तो जिरवता येतो. डॅन क्लार्क ऑडिओच्या स्टेल्थ या बंद हेडफोनमध्ये (२०२१) तर ड्रायव्हर आणि कानाच्या मधेच मेटामटेरियलची, म्हणजे आवाजाच्या लहरी आवरण्यासाठी मुद्दाम घडवलेली, रचना बसवली आहे.

बास बिघडतो तो बहुधा कपाची गादी कानाभोवती नीट न टेकल्यामुळे. चष्म्याच्या काडीने फट राहिली की तोच डग्गा पोकळ! बंद आणि उघड्या (मागून जाळीदार) हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जरा मोठा वाजणारा उगाच सरस वाटतो. आणि कौलांवर पाऊस कोसळत असताना उघडा हेडफोन लावून नाट्यगीत ऐकणाऱ्यांना माझा नमस्कार.