चुना, चीज आणि एन्चिलाडा

मक्याची भाकरी तव्यावरून उतरवून गरम असतानाच गुंडाळायला घेतली, तरी ती वाकवतो त्याच जागी चिरते. सांगली, मिरज, तासगाव या भागात मका भरपूर पिकतो. पण त्यातला बराचसा कोंबडीखाद्याला आणि जनावरांच्या मुरघासाला जातो. याच धान्यापासून मेक्सिकोत टॉर्टिया नावाची पातळ, लवचीक पोळी होते आणि ती मिरचीच्या रश्शात बुडवून, सारण भरून गुंडाळली की एन्चिलाडा तयार होतो. वर भरपूर चीज पसरून तो भट्टीत भाजण्याची रीत मात्र मुख्यतः टेक्सासकडे रुळली. मेक्सिकोत तो बहुधा न भाजता तसाच गरम वाढतात. घरी हा पदार्थ करताना दोन ठिकाणी बिनसते: टॉर्टिया फुटतो आणि चीज तेल सोडून चिवट होते. दोन्हींच्या मुळाशी कॅल्शियम आहे, आणि म्हणूनच हा पदार्थ मला विज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो.

गव्हाच्या कणकेला ग्लुटेन हे लवचीक प्रथिन धरून ठेवते. मक्यात ते नसल्यामुळे आपण पीठ कढत पाण्यात मळतो, म्हणजे थोडा स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी थापता येते. परंतु गुंडाळण्याइतकी पकड त्याने येत नाही. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या परिसरातील लोकांनी ३,००० वर्षांहून अधिक काळापूर्वी यावर उपाय शोधला, तो म्हणजे चुना. एक किलो वाळलेल्या मक्याला सुमारे १० ग्रॅम खाण्याचा चुना आणि तीन लिटर पाणी घेऊन मका पाऊण तास उकळावा आणि रात्रभर त्याच पाण्यात मुरू द्यावा. भांडे स्टीलचेच हवे, कारण चुन्याचे पाणी ॲल्युमिनियम खाते. स्वीटकॉर्न येथे उपयोगाचा नाही. पक्व, वाळलेला दाणाच लागतो.

सकाळी दाणा दोन बोटांत चोळला की साल बुळबुळीत होऊन सुटून येते आणि पिवळा रंग गडद झालेला दिसतो. दाण्याच्या सालीतील पेशींना जोडून ठेवणारे हेमिसेल्युलोज अल्कलीमध्ये, म्हणजे चुन्याच्या पाण्यात, विरघळते, त्यातून डिंकासारखे द्रव्य सुटते, आणि चुन्यातील कॅल्शियम पेशीभित्तिकांतील पेक्टिन व स्टार्च यांच्याशी बंध जोडून पिठाला घट्टपणा देते. दाणे धुऊन, वाटून केलेला गोळा तळहातावर दाबून पाहावा. कडा चिरल्या तर पाणी कमी आहे, हाताला चिकटला तर जास्त. पुढे दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये दाबून पातळ टॉर्टिया करता येतो.

याच प्रक्रियेचा दुसरा लाभ आरोग्याचा आहे. मक्यातील नायासिन हे जीवनसत्त्व बद्ध अवस्थेत असते आणि शरीराला पुरेसे मिळत नाही. चुना ते मोकळे करतो. मका युरोपात आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मुख्य अन्न झाला, पण चुन्याची रीत त्याच्याबरोबर गेली नाही, आणि पेलाग्रा या रोगाने असंख्य माणसे दगावली. नायासिनचा त्याच्याशी असलेला संबंध १९३७ साली अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून स्पष्ट झाला.

थंड झालेला टॉर्टिया पुन्हा कडक होतो, कारण स्टार्चचे रेणू परत एकमेकांना बिलगून स्फटिकरूप घेतात. सुमारे ६० अंश सेल्सियसच्या वर ही रचना मोडते, म्हणून गुंडाळण्यापूर्वी प्रत्येक टॉर्टिया गरम तेलात काही सेकंद बुडवावा. तेलाचा थर रश्शाला आत शिरू देत नाही, हेही महत्त्वाचे. रश्शासाठी बेडगी मिरची उत्तम, कारण तिचा लाल रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा असतो. तो रंग तेलात विरघळतो, तेव्हा भिजवून वाटलेली मिरची मंद आचेवर तेलात परतावी.

आता चीज. रेनेटने (दूध गोठवणाऱ्या विकराने) विरजलेल्या चीजमध्ये केसीन प्रथिनाचे कण कॅल्शियमने जोडलेले असतात, आणि उष्णता मिळाल्यावर ही जोडणी सैल होऊन चीज वाहू लागते. मोझरेलात आम्लतेमुळे काही कॅल्शियम आधीच निघून गेलेले असते, त्यामुळे ते ताणले जाते. प्रोसेस्ड चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार कॅल्शियमला पकडून ठेवतात, केसीन मोकळे होते आणि स्निग्धांश वेगळा पडत नाही. दोन्ही निम्मे-निम्मे किसून घ्यावेत. पनीर मात्र तापवलेल्या दुधात आम्ल घालून होते. तेथे कॅल्शियमचा दुवाच उरत नाही, प्रथिने थेट एकमेकांना घट्ट धरतात, आणि कितीही तापवले तरी ते वितळत नाही. म्हणून पनीर कुस्करून आत भरावे, वर पसरू नये.

ओव्हन आधीच १८० अंशांवर तापवून एन्चिलाडे १५ ते २० मिनिटे भाजावेत. आतील ओलाव्यामुळे सारणाचे तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही, तर वरचा थर कोरडा होताच त्यावर तपकिरी डाग पडू लागतात. तेच डाग थांबण्याची खूण समजावी, कारण त्यानंतर प्रथिने आकसून चीजमधील तेल बाहेर पिळले जाते.