खुलासा : अडखळणाऱ्या मॉडेल इंजिनात खोबरेल तेल सोडावं का?

‘जुनं मॉडेल रेल्वे इंजिन अडखळलं की चाकांवर आणि मोटरमध्ये खोबरेल तेल सोडा, नव्यासारखं पळेल’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तेलानंतर काही वेळा फेरी सुरळीत होतेही, त्यामुळे विश्वास बसणं साहजिक आहे.

या इंजिनांना साधारणपणे १२ व्होल्टपर्यंतची वीज रुळांतून चाकांमार्गे मिळते. चाकांवर काळा थर साचला की ती अडते. त्यावर तेल म्हणजे मराठवाड्यातल्या उन्हाळी धुळीला आवतणच. शिवाय खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. परभणीच्या थंडीत बाटलीत जे होतं तेच गिअरमध्येही होतं.

पडताळणी घरीच करा. कव्हर काढून ९ व्होल्टच्या बॅटरीच्या वायरी थेट मोटरच्या टोकांना टेकवा. मोटर फिरली, तर दोष बहुधा चाकांत किंवा वीज उचलणाऱ्या पत्र्यांत. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. नाही फिरली तरी नवी मोटर घ्यायची घाई नको. आधी मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत का, ते ज्या तांब्याच्या गोल भागावर घासतात त्या कम्युटेटरच्या फटींत काजळी आहे का ते बघा.

तेल लागतंच, पण शिलाई मशीनचं, आसाच्या टोकांना सुईच्या टोकाएवढं. कम्युटेटरवर अजिबात नको.

डिजिटल डिकोडर (रुळांतून आलेले आदेश वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट) बसवणार असाल तर आणखी एक. बऱ्याच जुन्या इंजिनांत मोटरचं एक टोक चेसिसलाच, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेलं असतं. ते वेगळं न केल्यास डिकोडर जळू शकतो. वेगळं केल्यावर मोटरची टोकं आणि चाकं यांच्यात मल्टिमीटरची (वीजजोड तपासणाऱ्या यंत्राची) बीप वाजता कामा नये.