मानकुरादाच्या बाठ्यातून मानकुराद का येत नाही?

गोव्याचा मानकुराद आंबा खाऊन झाला की बाठा परसात पुरायचा, हे गोव्यात घरोघरी चालतं. झाड जोमाने वाढतं, पण फळ धरतं तेव्हा ते मानकुराद नसतं. कधी आंबट, कधी नुसते धागे. सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी गोव्यात आंब्याची कलमं बांधायला सुरुवात केली ती याच अडचणीपोटी. उपाय सापडला, कारण कळायला मात्र आणखी तीनशे वर्षं गेली.

ते कारण आंब्यात नव्हे, वाटाण्यात सापडलं. ब्र्नो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेल यांनी 1856 ते 1863 अशी आठ वर्षं वाटाण्याचे संकर केले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे दाणे गोलच निघाले. पुढच्या पिढीत 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ 3:1. आईबापांचे गुण एकमेकांत मिसळून जातात, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. पण मिसळलेली सुरकुती परत आली कुठून? ती हरवलीच नव्हती, झाकली गेली होती. इथूनच प्रभावी (दिसणारा गुण) आणि अप्रभावी (झाकला जाणारा) हे शब्द आले. हा शोधनिबंध 1866 मध्ये छापला गेला आणि 1900 पर्यंत जवळपास दुर्लक्षित राहिला, याची आजही हळहळ वाटते. ‘जीन’, म्हणजे जनुक, हा शब्द डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ योहानसेन यांनी 1909 मध्ये दिला. झाडात दडलेली जनुकांची जुळणी ती जनुकविधा, डोळ्यांना दिसते ती स्वरूपविधा, हा भेदही त्यांचाच.

आता आपला बाठा. आंब्याच्या पेशीत 40 गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहणारे सूक्ष्म धागे असतात. 20 आईकडची, 20 बापाकडची. मोहरावर बसलेली माशी कुठल्या झाडाचे पराग घेऊन आली, कोण सांगणार! शिवाय मानकुरादाची स्वतःची जनुकंही बऱ्याच ठिकाणी विषमयुग्मी, म्हणजे जोडीतली दोन वेगवेगळी; बी धरताना त्यांची दर वेळी नव्याने वाटणी होते. गंमत अशी की गर हा आईच्याच पेशींचा, म्हणून पराग कुणाचेही असोत, फळ मानकुरादच लागतं. परका वाटा असतो तो आतल्या बीजात. कलमात बीजाचा संबंधच येत नाही. खुंट, म्हणजे खालचं मुळाचं रोप, दुसरा असला तरी त्यावर बांधलेली काडी मूळ झाडाचीच.

पण कलमातून सहसा नवी जात मिळत नाही. ती येते बहुधा बाठ्यातूनच. म्हणून कुळागरातलं (बागायतीतलं) जुनं रायवळ, म्हणजे बाठ्यातून आलेलं झाड पाडायचं ठरलं असेल, तर आधी एका हंगामात त्याचं फळ चाखा, आणि आवडलं तर काडी कलमासाठी काढून घ्या.